माझ्या आवाजातला माणूस

उद्यमनगर, कोल्हापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्काताईस,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

निळं आंतर्देशीय पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. हे पत्र मिळवायला मला तीन पोस्टं फिरावी लागली. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी कपाटाच्या तळातून दहा काढून दिली आणि विचारलं, काका, नातवाच्या प्रकल्पाला हवीत का. मी सांगितलं, चोर पकडायला हवीत.

आता मुद्द्याचं, क्रमाने सांगतो. काल रविवारी मी तुला फोन केला, तेव्हा तू बोलण्याच्या ओघात म्हणालीस की गुरुवारीच आपलं बोलणं झालंय. त्या फोनवर म्हणे मी तुला डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं म्हणून विचारलं आणि तुला वाटलं मी चेष्टा करतोय. आक्का, गुरुवारी मी तुला फोन केलेला नाही. आणि डोळ्याचं मी कशाला विचारीन? तुझं ऑपरेशन १२ डिसेंबरला झालं. उजवा डोळा. दुसरा मजला, खाट क्रमांक सात, शेजारी आजऱ्याची बाई, जी सारखी चहा मागायची. तुला रिक्षातून उतरवून घेणारा मी, थेंब घालणारा मी. ज्याला हे माहीत नाही तो मी नव्हे. माझा आवाज पळवलेला दुसराच कोणीतरी आहे.

हे कसं करतात ते मी काल रात्रभर बसून शिकून घेतलं. माणसाचं मिनिटभराचं बोलणं मिळालं की मशीन त्याचा आवाज तयार करतं, मग त्या आवाजात वाट्टेल ते बोलवून घ्यायचं. समोरच्याच्या फोनवर नंबरही आपलाच दाखवता येतो. माझं तर मिनिटभर सोड, मोटर रिवाइंडिंगचे दोनशे चौदा व्हिडिओ चॅनलवर पडलेत. चार वर्षं मी माझा आवाज फुकट वाटला. साडेअकरा हजार लोक बघतात, त्यात एक चोर निघाला तर नवल नाही.

तुला ही गोष्ट बारीक वाटेल. मला वाटत नाही. मी नववी नापास माणूस. जळक्या मोटरी उकलून, वेढे मोजून, वह्या भरून शिकलो. एकतीस वर्षांत एक गोष्ट कमावली. कृष्णातने सांगितलंय म्हटलं की ओल्या हातानेसुद्धा लोक बिनधास्त बटण दाबतात. उद्या माझ्या आवाजात कुणी भलतंच सांगितलं तर माणूस मरेल, आणि नाव माझं असेल.

या फोनची अलीकडे मला धास्तीच वाटते. सत्तावन्न पुरी झाली त्या दिवसापासून तो मला गुडघ्याचं तेल आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या दाखवतो. मी कुणाला वय सांगितलं नव्हतं. भावकीच्या ग्रुपवर परवा गणपतरावांचा वाढदिवस म्हणून फोनने आठवण काढली. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, तरी नऊ जणांनी केकची चित्रं पाठवली. त्यात त्यांचा धाकटा मुलगा होता.

तर यापुढे महत्त्वाचं बोलणं पत्रानेच. आवाज चोरता येतो, अक्षर नाही. आणि माझ्या आवाजात फोन आलाच तर घरच्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार. लगेच तोंडघशी पडेल.

दाजींना जयभीम सांग. तुझ्या मायेची मोजदाद मी कधी केली नाही, पुढेही करायची वेळ येऊ नये.

तुझा,
कृष्णात

*

गडहिंग्लज
रविवार, ९ फेब्रुवारी

चि. कृष्णातास,
आक्काचा जयभीम आनि पोटभर आशीर्वाद.

तुझं निळं पत्र घिऊन पोस्टमन दारात आला नि आदी इचारलं, कोन गेलं काय म्हनून. तुझ्या दाजींनी तर न वाचताच टोपी काढली. वाचून झाल्यावर म्हनले, मेव्हणा लई शाना झालाय, आता फोनवर बोलायला बी साक्षीदार लागनार.

तुझं अक्षर मातुर अजून तसंच हाय, मुंग्या वळीनं चालल्यागत. अंगणवाडीत मी पोरांस्नी तुझ्या वह्या दाखवायची, माझा भाऊ शाळा सोडून बी कसा लिवतोय बगा म्हनून.

आता तुझ्या चोराचं. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी त्याचा परत फोन आला. तुझाच आवाज, तुझाच नंबर. म्हनला, आक्का, जेवलीस का. मी बी कंबर कसून बसलेली. इचारलं, आण्णांनी तुला लहानपनी सगळ्यात जास्ती कशावरनं झोडपलंतं, सांग. तर हसला की रे. म्हनला, पंचायतीच्या रेडिओचं पोट फाडलंतं म्हनून, आनि डाव्या पायातल्या चपलीनं.  मी फोन ठिवून दिला.

एक गोष्ट मला कळंना. हसला ते नाकातनं हसला, आण्णांसारखं. मशीन नाकातनं हसतंय व्हय? आनि ह्यो कसला चोर, ज्यानं काय म्हंजे काय मागितलं न्हाय? ना खात्याचा नंबर, ना कागद. जेवलीस का इचारतो आनि डोळ्याची चौकशी करतो. असलं चोर गावात चार असतं तर म्हाताऱ्यांचं बरं झालं असतं.

तुझ्या फोनात कुनाकुनाला लावलं त्येची यादी असतीया म्हनं. तुझ्या लेकीला, श्रुतीला बगायला सांग. श्रुतीची आई गेल्यापास्नं तू दुकानात एकटाच बोलत बसतोस, असं पोरगी म्हनत हुती. गोळ्या वेळंवर घेतोस का? आनि जेवून बी परत जेवायला मागितलंस म्हनं मंगळवारी. भूक वाढली आसंल तर चांगलंच हाय.

पोरीवर डाफरू नकोस. माझा जीव तुझ्याकडं टांगलेला हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आक्का

*

उद्यमनगर, कोल्हापूर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. आक्काताईस,
कृष्णातचा जयभीम. वि. वि.

तुझा प्रश्न चुकला. रेडिओची हकिकत माझ्या एकेचाळिसाव्या व्हिडिओत आहे, सहाव्या मिनिटाला, डाव्या चपलेसकट. मीच सांगितली आहे. नाकातलं हसणंही त्यात आहे. चोराने अभ्यास केलाय, तू परीक्षा सोपी घेतलीस. काही मागत नाही म्हणतेस, तर विहीर खणणारा पहिल्या दिवशी पाणी मागत नाही.

फोनमधली यादी श्रुतीने पाहिली. ३० जानेवारी, दुपारी तीन पंचवीस, चार मिनिटं. ७ फेब्रुवारी, तीन चाळीस, तीन मिनिटं. दोन्ही तुझ्या नंबरवर. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला समजावलं की याचा अर्थ एकच, चोर बाहेर नाही, फोनच्या आत शिरलाय. मी फोन पुसून कोरा केला, नवा पासवर्ड घातला, तो कागदावर लिहून फक्त मला माहीत असलेल्या जागी ठेवला. तिसऱ्या दिवशी पासवर्ड चालेना. त्यांनी तोही बदलला. कागदही जागेवर नाही.

आता पुढचं नीट वाच. माझ्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं, काका, हाच विषय मागच्या आठवड्यात सांगितलाय, विनोदसुद्धा तोच. मी उघडून पाहिलं. खरंच दोन व्हिडिओ. एकात मी निळ्या शर्टात, दुसऱ्यात चौकटीच्या. चौकटीचा शर्ट माझ्याकडे आहे, पण तो घालून मी असलं काही बोललेलो नाही. म्हणजे आवाजावर भागेना म्हणून आता चेहराही बनवलाय.

त्याहून वाईट सांगतो. कळंब्याचे उदयसिंह मोटर परत घेऊन आले. जानेवारीत माझ्याकडून भरून नेलेली. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, परवा त्यांच्या पत्नीचा हात चिकटता चिकटता राहिला. मी मोटर उकलली. तांब्याची तार ज्या खाचांत बसते, तिथे आधी कागद घालावा लागतो, नाहीतर तार लोखंडाला टेकते आणि सगळ्या मोटरीत करंट उतरतो. दोन खाचांत कागदच नव्हता. ही चूक शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो आणि कानफटात खातो. पण दोऱ्याची गाठ माझ्यासारखी होती, हुबेहूब. कुणीतरी माझ्या दुकानात, माझ्या हत्यारांनी, माझ्या नावाचं काम करतंय.

श्रुतीचं म्हणणं, आपण मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, फोनला ने, त्याच्या डोक्यात बिघाड आहे. ती रडली. मला वाईट वाटलं, पण कोणत्या गोष्टीचं उत्तर कुठे शोधायचं हे मी कुणाकडून शिकणार नाही.

मी दोन उपाय केले. १२ तारखेला दुकानात कॅमेरा बसवला, माझ्या हाताने, बाकड्याच्या बरोबर वर. स्वस्तातला आहे, आवाज टिपत नाही, पण महिनाभराचं चित्र साठवतो. आणि चॅनलवर सगळ्यांना सावध केलं: माझ्या आवाजात, माझ्या चेहऱ्याने काही विचित्र कानावर आलं तर विश्वास ठेवू नका, तो मी नव्हे. एका दिवसात नऊ हजारांनी पाहिलं. एवढं माझं काहीच कधी चाललं नव्हतं.

तू एक कर. पुढचा फोन येईल तेव्हा असं विचार, जे कोणत्याही व्हिडिओत नाही, जे मी जन्मात कुणापाशी बोललो नाही. मग बघू.

दाजींना नमस्कार. आपलं नातं कुणाला बनवता येणार नाही, तेवढ्या भरवशावर आहे.

तुझा,
कृष्णात

*

गडहिंग्लज
सोमवार, २४ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या कृष्णास,
आक्काचा जयभीम, आनि डोक्यावरनं हात.

चार दिस पेन हातात घेतीया नि खाली ठेवतीया.

गुरुवारी वीस तारखेला फोन आला. तू सांगितल्यापरमानं मी इचारलं. आई गेली तवा घरात तू एकटा हुतास. माझी एस.टी. निपाणीत बंद पडलेली, मी आले तवर सगळं सपलंतं. इतकी वरसं मी इचारलं की तू एकच सांगायचास, झोपेतच गेली, काय बोलली न्हाय. तेच मी त्याला इचारलं, आई शेवटाला काय बोलली.

 मग म्हनला, आक्का, आई तुझीच वाट बगत हुती. सारखी इचारायची, आक्का आली काय. शेवटी मी खोटं बोललो. म्हनलो, आलीया, चुलीपाशी बसून चा करतीया. तवा तिनं डोळं मिटलं. हे मी तुला सांगितलं न्हाय, कारन तू न आलेली असताना तुला आनून बसवलं, ह्येचा मला गुन्हा वाटतोय. आनि तो रडला. मी बी रडले. अकरा मिन्टं बोललो आमी.

कृष्णा, लेका, तो आवाज तुझाच हाय. चोर बीर कोन न्हाय.

आनि आनखी एक. शनिवारी तुझं पत्र आलं. वर तारीख १९ फेब्रुवारी. आत सगळं पयल्या पत्रातलं. तीन पोस्टं, खाट क्रमांक सात, आजऱ्याची बाई, गणपतरावांचा केक. शब्दाला शब्द. चोर पकडायला हवीत, हा विनोद बी. दोन्ही पत्रं शेजारी ठिवून दाजी टोपी काढून बगत बसले. अक्षर तुझंच हाय, मुंग्यांची वळ.

तू माझ्यावर चिडशील. चिड. पन श्रुतीबरूबर डॉक्टरकडं जा आनि तवर त्या विजेच्या बोर्डाला हात लावू नकोस. कळंब्याची ती बाई वाचली, सगळी वाचत न्हाईत. तू कायम म्हनतोस ना, तांब्याला दयामाया नसती म्हनून.

आईला तू खोटं सांगितलंस त्येचा मला राग न्हाय. उलट इतकी वरसं मी निपाणीच्या स्टँडवर उभी हुते, तू मला घरात घेतलंस.

जीव सांभाळ. माझ्या वाटचा बी सांभाळ.

तुझी,
आक्का

*

उद्यमनगर, कोल्हापूर
शुक्रवार, २८ फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा

ती. आक्काताईस,
कृष्णातचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं की हे पत्रही बनावट आहे, चोराने आता तुझी बोली उचलली. दिवा लावून अक्षर तपासलं. मग आईचं वाचलं आणि पुढे तपासायचं बंद केलं. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे, सांगितलेलं नव्हतं.

तरीही मी ऐकीव गोष्टीवर मोटर बांधत नाही, तुला माहीत आहे. काल सकाळी दुकानाचं दार आतून लावलं आणि कॅमेऱ्यातलं १२ तारखेपासूनचं चित्र बघायला बसलो. श्रुती शेजारी होती.

चित्रात एक माणूस आहे. चौकटीचा शर्ट, डोक्यावर टक्कल. मला मागून एवढं टक्कल आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो तार गुंडाळतो, मध्येच थांबतो, बोटं हवेत तशीच, मग पहिल्यापासून मोजायला लागतो. एका खाचेत कागद घालतो, दुसऱ्या खाचेकडे बघतो, तिसरीत तार भरतो. तीन वाजून गेले की फोन हातात घेतो आणि बोलतो. हसताना खांदे हलतात. १९ तारखेला तो निळं पत्र लिहिताना दिसतो. शांत बसून लिहितो, एकही शब्द खोडत नाही.

मी श्रुतीला म्हटलं, चित्रही बनवता येतं.  मग मी बाकड्यावरची मोटर घेतली, जी २५ तारखेला तो माणूस बांधताना दिसतो. उकलली. वेढे हाताने मोजले, श्रुतीने लिहून घेतले. चोपन्न, चोपन्न, एकाहत्तर, चोपन्न, जिथे सगळीकडे चोपन्नच हवेत. तीन खाचांत कागद नाही. चित्र बनवता येतं, आवाज बनवता येतो. तांब्याचे एकाहत्तर वेढे कुणी कॉम्प्युटरवर बनवून माझ्या बाकड्यावर ठेवू शकत नाही. माझा अंगठा गेले दोन दिवस का दुखतो हे मला कळलं.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जाणार आहे. तो विषय माझ्याकडून संपला, त्यावर रडू नकोस.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही, श्रुती बाराच्या गाडीने घेऊन येते आहे, कारण वेळ नाही. फोनवर सांगितलं असतं, पण सांगताना मध्येच मी कोण असेन याची आता खात्री देत नाही. कागदावर लिहिलेलं निदान हलत नाही. श्रुती वाटेतून तुला फोन लावेलच, तिच्याकडे तोंडी निरोपही आहे, तरी तू हे वाच.

जानेवारीपासून या हातांनी पाच मोटरी बाहेर गेल्या. चार कुणाच्या ते सापडलं, काल संध्याकाळपर्यंत चारही बंद करवल्या, दोनांत दोष होता. पाचवी सापडत नाही. चित्रात दिसते. २० फेब्रुवारी, दुपारी तीन दहा. हेल्मेट घातलेला एक माणूस मोटरसायकलवर मोटर बांधून नेतो. तोंड दिसत नाही, गाडीचा नंबर चौकटीबाहेर आहे. वहीत मी लिहिलंय: एक एच.पी., पाण्याची, दिली. एवढंच. नावाची जागा कोरी. ती मोटर बांधतानाचं चित्र मी तीन वेळा पाहिलं. चोवीस खाचा. कागद एकोणिसांत.

मी काल चॅनलवर व्हिडिओ टाकला. हात जोडून सांगितलं की वीस तारखेला ज्याने मोटर नेली त्याने ती चालू करू नये, नळाला, टाकीला हात लावू नये. आक्का, खाली पहिल्याच माणसाने लिहिलं की हे बनावट आहे, कृष्णातकाकांनीच बजावलंय, असल्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याला सहाशे अंगठे पडले. एकाने तर माझे ओठ बोलण्याशी जुळत नाहीत हे बाण काढून दाखवलंय. लोकांनी माझी तक्रार केली आणि सकाळी तो व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला गेला. आधीचा, सावध करणारा, अजून चालू आहे. एकवीस हजार.

तर आता तूच एक उरलीस. हेल्मेटवाला तीन दहाला गेला. तीन वीसला चौकटीच्या शर्टातल्या माणसाने तुला फोन लावला. अकरा मिनिटं. कॅमेऱ्याला कान नाहीत. त्या दिवशी तो फोनवर तुझ्याशिवाय कुणाशीच बोललेला नाही. आईचं बोलण्याआधी किंवा नंतर त्याने काही म्हटलं का? कुणाची मोटर, कोणतं गाव, शाळा, दवाखाना, गोठा, काहीही. तू रडत होतीस, मला समजतं. तरी आठव.

नाहीच आठवलं, तर श्रुतीला शेजारी बसवून साडेतीनला मला फोन लाव. मी इथे दुकानातच बसून राहीन. मेन स्विचचे फ्यूज मी स्वतः काढून श्रुतीच्या पर्समध्ये घातले आहेत, काळजी करू नकोस. फोन मी उचलला तर मला काही सांगता येणार नाही. पण त्या वेळेला बहुतेक तो असतो. त्याला विचार. त्याला आईचं बोलणं शब्दाशब्दाने आठवतं, मोटरवाल्याचं गावही आठवत असेल. परीक्षा घेतल्यासारखं विचारू नकोस, जेवलास का म्हण आधी. तो चिडत नाही. माझ्यापेक्षा तो तुझ्याशी खरं बोलतो.

तुझी माया आम्हा दोघांवर राहू दे.

तुझा,
कृष्णात